फाटकवाल्याचा रिलीव्हर

रविवारी सकाळी आठला आमच्या फिल्म क्लबचा सिनेमा सुरू होतो आणि अकराला मला कोराडीला पोचायचं असतं. तिथे आई चार वर्षं अंथरुणाला खिळलेली आहे. तिचं सगळं बाबाच करतात. आठवड्यातून एकदा, रविवारी अकरा ते चार, मी तिच्याजवळ बसते आणि ते बाहेर पडतात. कटिंग, बाजार, आणि मुख्य म्हणजे वीज केंद्रातल्या जुन्या मित्रांसोबत चहा. साडेबाराला ती मंडळी पांगतात.

त्या रविवारचा कृष्णधवल सिनेमा रेल्वेच्या फाटकवाल्याचा होता. रूळ कधीचेच उखडून नेलेले, तरी तो म्हातारा रोज वेळेवर फाटक लावतो, न येणाऱ्या गाडीला हिरवी झेंडी दाखवतो, फाटक उघडतो. दोन तास एवढंच. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते, म्हणून नंतर बोलायचं काम माझं. जगण्याला आयता अर्थ नसतो, तो आपल्या निवडीतून येतो, हा माणूस निवडायलाच घाबरतो वगैरे. बोलताना मला माझाच आवाज फार आवडतो, हे कबूल करते.

मागून एक जण म्हणाला, "मॅडम, सिंपल आहे ना. उठाचं अन् निघून जाचं. त्याले कोणं पकडून ठेवलं?"

झालं. पंधरा मिनिटांचं बोलणं बारापर्यंत लांबलं. समोर घड्याळ दिसत होतं, पाय सारखा हलत होता, पण तोंड काही थांबेना.

पोचले तेव्हा पाऊण वाजला होता. बाबा इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून आईच्या उशाशी बसले होते. चूक माझी, तरी मीच चिडले. "फोन काहून नाही केला?"

"तू येऊनच राहिली होती ना वं. कसा होता सिनेमा?"

मी सांगितला. त्यांनी नीट ऐकला. तीस वर्षं ते वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होते. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन खुर्चीत बसेपर्यंत तिथे उठायचं नाही, मग सोळा तास का होईनात.

"त्याचा रिलीव्हर काहून नाही आला?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तसा सिनेमा नव्हता तो."

"मंग त्याले उठता कसं येईन?"

यात टोमणा असेल असं वाटून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. नव्हता. मला लाज वाटली.

मग त्यांनी नेहमीसारखा चार्ज दिला. औषध झालं, कूस बदलली, पेज दीडला. हे सगळं ते वहीत लिहितात, खाली मी सही करते, एरवी न वाचताच. त्या दिवशी मागची पानं उलटली. प्रत्येक रविवारी त्यांच्या अक्षरात एकच ओळ होती, 'अकरा वाजता चार्ज दिला.' वर्षभरात मी एकदाही अकराला आले नव्हते. आजचीही ओळ लिहून तयार होती.

"हे काय बाबा?"

"रिलीव्हरचा उशीर लॉगमध्ये लिहत नसतात. त्याले मेमो भेटते."

"इथं कोण मेमो देऊन राहिलं मले?"

मी अकरा खोडून पाऊण लिहिलं आणि सही केली. बाबांना ते मुळीच आवडलं नाही.

"रेकॉर्ड खराब केलं वं तू," असं म्हणत ते पिशवी घेऊन संपलेल्या चहाला निघाले.