टपालासाठी बदललेला पत्ता

पोरी, नर्सिंग शिकता शिकता तू सहा महिने दुसऱ्या गावातल्या दवाखान्यात पगारी उमेदवारी केलीस. तिथल्या खोलीचं आणि बसचं भाडं कामाचा खर्च म्हणून करातून वजा मागितलंस. कर कार्यालयाने वजावट नाकारून जादा कर मागितला, कारण कागदोपत्री तुझं घर त्याच गावात होतं. तुझ्या शहाण्या बापाने टपाल चुकू नये म्हणून तुझा पत्ता परस्पर बदलून त्या गावचा केला होता.

"आत्या, एवढा कर भरला तर शेवटच्या सत्राची फी कुठून आणू?" ताटातला घास चिवडत तू विचारलंस.

"आधी तो घास गीळ. तुझ्या बापाच्या हुशारीला मी जन्मभर पुरून उरलेय."

तुझं घर माझ्याकडेच, दर शनिवारी तू इथे परत यायचीस, असं मी कार्यालयात लिहून द्यायचं ठरलं. सोमवारी दहाला मी चपला घालून दारात उभी, तेवढ्यात तुझा फोन.

"आत्या, मुदत टळेल या धास्तीने काल फीच्या पैशातून मोबाइलवरूनच कर भरून टाकला गं."

"अगं, एक दिवस तरी थांबायचंस!"

सत्र बुडालं. पत्त्याची चूक दुरुस्त करून भरलेला कर अजूनही परत मागता येतो म्हणतात, पण गेलेलं सत्र काही त्याने परत येणार नव्हतं, म्हणून त्या कार्यालयात आपण दोघी काही गेलो नाही.