मळ म्हणून काढलेलं मेण

ज्या वाद्याच्या नुसत्या आवाजानं शत्रूच्या किल्ल्यांचे दरवाजे आपोआप उघडत, ते वाद्य शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीत माझ्या टेबलावर पडलं होतं. त्याची तोंडात धरून फुंकायची पत्ती हरवली होती, त्यामुळे त्याच्यातून साधी शिट्टीही निघत नव्हती.

किल्ल्यांबद्दलचं वाक्य प्रदर्शनाच्या लेबलवरचं, आमच्या डायरेक्टरनं लिहिलेलं. रिचर्ड त्याचं नाव. ॲन आर्बरच्या एका म्युझियममध्ये मी कॉन्झर्व्हेटर होतो. कॉन्झर्व्हेटर म्हणजे जुन्या वस्तू आणखी जुन्या होऊ नयेत म्हणून पगार घेणारा माणूस. त्या वर्षी रिचर्डनं तुर्की लष्करी वाद्यांचं प्रदर्शन काढलं होतं. सुलतानाच्या फौजेपुढे वाजत जाणारा वाद्यवृंद, घोड्यावर लादायचे तांब्याचे नगारे, वर चंद्रकोर आणि खाली घुंगरं असलेली काठी, मोठा ढोल. ढोलाला ते दावुल म्हणतात आणि सनईला झुर्ना. यातलं मला कोणी काही शिकवावं लागलं नाही. त्या काठीच्या जागी अब्दागिरी धरली की आमच्याकडची वरात तयार.

टेबलावरची झुर्ना जर्दाळूच्या लाकडाची होती. हातभर लांब, तोंड कर्ण्यासारखं, वरच्या टोकाला पितळेची नळी. ती देणारे हसन बे सत्तरीचे होते. ‘बे’ म्हणजे आपल्याकडचा ‘राव’. डेट्रॉइटजवळच्या मोटारींच्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर त्यांनी आयुष्य काढलं होतं. झुर्ना त्यांच्या वडिलांची. मुलगा टेक्सासला असतो, त्याला तिचा टेबललॅम्प करायचा होता, म्हणून त्यांनी ती म्युझियमला दिली.

“ही कुठल्या लढाईत वाजली?” रिचर्डनं त्यांना पहिल्याच भेटीत विचारलं.

“लग्नांत वाजली,” हसन बे म्हणाले. “काही लग्नं लढाईसारखी होती.”

रिचर्ड हसला आणि त्यानं लेबल बदललं नाही. मी नंतर विषय काढला, तर म्हणाला, “लग्न बघायला शिकागोहून कोण ड्राइव्ह करून येईल?”

हसन बेंनी वाद्य देताना एकच अट घातली होती. काचेच्या पेटीत बंद होण्याआधी ते एकदा वाजवायचं, आणि त्यांच्यासमोर. प्रेसच्या आवाजानं त्यांचे कान गेले होते. दोन्हीकडे ऐकायचं मशीन होतं. जे थोडं उरलंय तेही वर्षभरात जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आमच्या धंद्यात जुनी फुंकवाद्यं वाजवत नाहीत. श्वास गरम आणि ओला असतो, लाकूड कोरडं असतं. आतून फुगतं, बाहेरून फुगत नाही, आणि उभी चीर जाते. मिशिगनच्या हिवाळ्यात हीटर चालू असले की घरातली हवा पापडासारखी होते, त्यामुळे धोका दुप्पट. मी झुर्ना दोन आठवडे दमट हवेच्या पेटीत ठेवली आणि रिचर्डकडे तीन मिनिटं मागितली.

“दोन,” तो म्हणाला. “खाली बेसमेंटमध्ये. आणि फाइलमध्ये एक अक्षर नको.”

गुरुवारी दुपारी वाजवायला जमाल आले. ते शिंपी होते, डेट्रॉइटमधल्या तुर्की लग्नांत वाजवायचे. पत्ती त्यांनी स्वतःची आणली होती. ती ओठांनी धरत नाहीत, पूर्ण तोंडात घेतात आणि गाल फुगवून त्यातली हवा सोडत असतानाच नाकानं श्वास घेतात. सूर तुटत नाही. आमच्याकडचे सनईवालेही असंच करायचे.

जमालनी अर्धं मिनिट वाजवलं. झुर्ना फारच सुरेख बोलली. जमाल थांबून माझ्याकडे कौतुकानं पाहत म्हणाले, “उत्तम आहे. स्वच्छ. विकायची नाही ना?”

हसन बे उठून उभे राहिले होते.

“ही माझ्या वडिलांची नाही,” ते म्हणाले. “तुम्ही बदलली.”

मी त्यांना नोंदणी क्रमांक दाखवला. लाकडावरचा जळका डाग दाखवला, तो त्यांनीच आधी मला दाखवला होता. त्यांनी डाग पाहिला, झुर्ना हातात घेतली, परत ठेवली.

“लाकूड त्यांचं आहे,” ते म्हणाले. “आवाज दुसऱ्या कोणाचा आहे.” मग टोपी घालून ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

“म्हातारे आहेत,” जमाल हळूच म्हणाले. “कान गेलेत. मनावर घेऊ नका.”

मी मात्र घेतलं, कारण मला एक गोष्ट आठवत होती.

माझे वडील कोकणात सनई वाजवायचे. गावातल्या लग्नांत आमच्या लोकांनी वाजवायचं, मांडवाबाहेर बसून, आणि पंगती उठल्यावर जेवायचं, अशी रीत होती. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि आमच्या वाडीनं ठरवलं, यापुढे वाजवायचं नाही. वडिलांनी सनई खाली ठेवली ती ठेवलीच. त्यांचं बरोबर होतं. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. बरोबर झालेल्या गोष्टीमुळेही माणसाच्या आत एक जागा रिकामी राहते, हे मला फार उशिरा कळलं. ती सनई पुढे कोणाला दिली की चुलीत गेली, मी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं तेव्हा सांगायला कोणी उरलं नव्हतं.

वाजवण्याआधी वडील सनईच्या पितळी तोंडाच्या आत चिकटवलेली मेणाची बारीक गोळी काढायचे. अंगठ्यानं मळून दोन भोकांच्या कडेला दाबायचे. भोक लहान झालं की सूर खाली येतो. सनई ज्यानं बनवली त्याचा सूर वेगळा, वाजवणाऱ्याचा वेगळा. मेण हा वाजवणाऱ्याचा सूर.

मी कपाटातून माझा रिपोर्ट काढला. साफ करण्यापूर्वी काढलेले फोटो त्यात होते. वरून तिसऱ्या आणि पाचव्या भोकात अर्धवट भरलेलं काळं काहीतरी दिसत होतं. खाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘जुना मळ, लाकडी काडीनं काढला.’ सनईवाल्याच्या मुलानं हे लिहिलं होतं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी त्याला अडाणी म्हटलं असतं.

सुदैवानं आमच्याकडे काढलेली घाणही जपून ठेवतात. एका काचेच्या बाटलीत ती होती, वर लेबल होतं. भिंगाखाली फोटो धरला तर पाचव्या भोकातल्या मेणावर अंगठ्याच्या रेघा दिसत होत्या.

मी वर रिचर्डकडे गेलो. “आणखी दोन मिनिटं हवीत. आणि वाद्यात थोडं मेण घालायचंय.”

“बाहेरचा पदार्थ वाद्यात घालायचा नाही, हा नियम तूच मला शिकवलास.”

“बाहेरचा नाही. तिचाच आहे. मी काढला होता.”

त्यानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. माझ्या नोकरीत माझी चूक मी त्याच्यापुढे पहिल्यांदाच कबूल करत होतो. बहुधा त्या आनंदात त्यानं होकार दिला.

बाटलीतलं मेण मी तळहातावर घेतलं. कडक झालं होतं, मातकट वास होता. मळायला लागलो तशी बोटांना त्याची सवय असल्यासारखं वाटलं, जरी मला वडिलांनी सनईला कधी हात लावू दिला नव्हता. फोटो समोर ठेवून भोकं तेवढीच भरली. फक्त त्या रेघा परत आणता येणार नव्हत्या. तिथं आता माझ्या होत्या.

हसन बे आत यायला तयार नव्हते. जमालनी त्यांना तुर्कीत काहीतरी सांगितलं. ते आले, खुर्चीत बसले, दोन्ही कानांतली मशिनं काढून टेबलावर ठेवली.

“तुम्हाला ऐकू येईल ना?” मी मोठ्यानं विचारलं. त्यांना ते ऐकू आलं नाही.

जमालनी फुंकलं आणि लगेच तोंड वाकडं केलं. पत्ती न काढताच माझ्याकडे पाहून मान हलवली: सूर उतरतोय. हसन बेंनी हात वर करून त्यांना थांबू नका अशी खूण केली. मग तोच हात टेबलावर ठेवून दोन बोटांनी ठेका धरला. दोन मिनिटं झाली. मी रिचर्डला कबूल केलेलं विसरलो नव्हतो, पण बोललोही नाही. हवेतला दमटपणा दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत राहिलो, कारण कुठंतरी पाहायला हवं होतं.

झुर्ना थांबली.

“तो सूर चुकीचा आहे,” जमाल घाम पुसत म्हणाले. “कोणत्याही गावात तो असा लागत नाही.”

हसन बेंनी मशीन कानात बसवलं. “काय म्हणाले?”

मी सांगितलं.

“हो,” ते म्हणाले. “गावातले सगळे त्यांना हेच सांगायचे.”

चीर गेली नव्हती. संध्याकाळी मी रिपोर्टमधला ‘मळ’ खोडला आणि ‘मेण, वादकानं लावलेलं’ असं लिहिलं. तेव्हापासून काहीही साफ करण्याआधी, ही घाण कोणी मुद्दाम तर केलेली नाही ना, असं आधी विचारतो. दहातल्या नऊ वेळा ती घाणच असते.

शुक्रवारी प्रदर्शन उघडलं. रिचर्डनं भाषणात किल्ल्यांचे दरवाजे पुन्हा उघडले. झुर्ना वाजल्याची नोंद त्यानं सांगितल्याप्रमाणे मी कुठंही केली नाही. पण फाइलला एक कागद जोडलेला आहे, तो मेंटेनन्स डिपार्टमेंटचा. गुरुवारी दुपारी वरच्या मजल्यावरून तक्रार आली होती की हीटिंगच्या पाइपात कोणतं तरी मोठं जनावर अडकलंय आणि ते फार त्रासात आहे. दोन माणसांनी सगळी बिल्डिंग तपासली. जनावर सापडलं नाही.