घाटाखालची हवा

माझ्या सासऱ्यांइतका संतापी माणूस बुलढाण्याच्या घाटावर दुसरा झाला नाही, आणि घाटाखाली तर तो होणं शक्यच नव्हतं, कारण त्यांच्या मते घाटाखाली काही धड उगवतच नाही. मुलगी द्यायच्या आधी ते आमच्या पूर्णेकाठच्या गावी आले, ते मला पाहायला नव्हे, रानातली झाडं पाहायला. मी नवा कोट घालून घामाघूम होऊन ओसरीवर बसलेलो. हे गृहस्थ शिवारभर हिंडले आणि परत येऊन माझ्या वडिलांवरच ओरडले, "बाभूळ, हिवर अन् रुई! दुसरं काई उगवतच नाई काय इथं? या भट्टीत माही पोर कशी जगन?" सोयरीक तेव्हाच मोडायची; पण सासूबाई शब्द देऊन बसल्या होत्या, आणि संतापात त्या नवऱ्याला भारी होत्या.

लग्नानंतर मी सणाला सासरी गेलो की ते पाटावर बसवायच्या आधी मला डोंगरावर नेत. "हे पाहा जावईबापू, सावलीच्या अंगाले चारोळी अन् धावडा, उन्हाच्या अंगाले नुसती सालई. एकाच डोंगराची हवा कूस बदलली की बदलते, अन् तुम्ही माह्या पोरीले पुरा घाट उतरून नेलं!" जसा काही घाट मीच खणला होता! वऱ्हाड आणि मध्यप्रांताचा कारभार एका नागपुरातून चालतो, याचाही त्यांना राग. दोन्हीकडचा पाऊस वेगळा, मग साहेब एकच कसा, हा त्यांचा सवाल. तोही मलाच.

दर पावसाळ्यात ते बैलांच्या दमणीत चारोळीचं रोप घालून घाट उतरत आणि आमच्या काळ्या मातीत लावून जात. उन्हाळ्यात ते जळे. मग पुढच्या खेपेला चार माणसांत माझा उद्धार. हे किती वर्षं ऐकायचं? एकदा माझाही तोल गेला. "झाड मेलं, पण तुमची मुलगी वाळलेली दिसते का? तिलाच विचारा!"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "काय वं बाई, झोप लागते काय तुले इथं?"

"हाव बाबा," ती हसून म्हणाली, "आता घाटावर आली की मलेच थंडी वाजते."

त्यांनी गडीमाणसाला दमणी जुंपायला सांगितली आणि उपरण्याने तोंड पुसत बसून राहिले. मला एवढी वर्षं त्यांचा राग आला, पण त्या दिवशी वाटलं, ओरडावं हो त्यांनी. माझ्यावरच ओरडावं.