मावशीची हाडं आणि काकांचे उपास

माझी मावशी इस्लामपूरची. काका पलटणीतून सुभेदार होऊन घरी परतलेले. मावशीचं वजन इतकं वाढलं होतं की दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. सत्तरच्या दशकात मुंबईच्या एका सर्जननं तिचं आतडं आखूड करून जोडलं. खाल्लेलं अंगीच लागू द्यायचं नाही, असा तो इलाज! वजन झरझर उतरलं. गल्लीत पेढे वाटले.

मग कंबर धरली, मांड्या ठणकू लागल्या, मावशी बदकासारखी डुलत चालू लागली. घरचे म्हणाले, वात आहे. मी सांगलीला कॉलेजात शिकत होते, मोर्च्यांची पत्रकं लिहीत होते. मला गप्प बसवतंय कोण! मी तिला ओढतच सांगलीला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला, उजेडाकडे धरला.

"आतडं आखूड झालंय, त्यामुळं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व अंगी लागत नाही. हाडं मऊ पडलीत. खुब्याला बारीक चीर आहे. रोज गोळ्या घ्या, उन्हात बसा. नाहीतर पोट पुन्हा उघडून आतडं होतं तसं जोडावं लागेल."

मावशीनं पदर तोंडाला लावला. माझं डोकं फिरलं. कापताना हे का नाही सांगितलं? बाई बारीक झाली की संपलं काम? एसटीतच मी पत्रक लिहायला घेतलं: 'वजनकाटा बघता, हाडं कोण बघणार?'

पण पावसाळा सरला तरी दुखणं तसंच. एका सोमवारी मी थेट तिच्या चुलीपुढं जाऊन बसले.

"गोळी घेतलीस?"

"आज सोमवार हाय. गोळीनं उपास मोडतो."

"मग गुरुवारी?"

"गुरवारबी हाय. शनवारबी. एकादशी, चतुर्थी येगळी."

ऑपरेशन सुखरूप होऊन वजन उतरू दे, म्हणून तिनं हे उपास बोलले होते! निम्म्या गोळ्या डब्यातच. मी ओरडले, "अगं, खुबा मोडंल तुझा!"

"तुझ्या पत्रकावर द्येव गप बसतोय व्हय? बोललेलं फेडाय नको?"

बाहेरच्या सोप्यातून, बैठकीवरून काकांचा आवाज आला. "घरातल्या दुसऱ्या माणसानं फेडलं तर चालतं का न्हाई?"

"चालतं की. पण आवं, तुमाला न्याहारीला चार भाकरी लागत्यात!"

"उपास आजपासनं माझं. तू गोळी गीळ."

मी टाळ्याच पिटल्या! जी क्रांती माझ्या पत्रकांना जमली नाही, ती एका सुभेदारानं बसल्या जागी केली. काका उपाशीपोटी अंगणात खुर्ची टाकत, शेजारी मावशीला उन्हात बसवत. येणारेजाणारे चिडवायचे, "सुभेदार, आता तुमी बारीक व्हताय काय?"

"चल रं, फुडं हो! हाडं वाळत घातल्यात हिची, सावली पाडू नगंस!"

पुढच्या हिवाळ्यात आम्ही तिघं पुन्हा सांगलीला गेलो. नव्या फोटोत चीर भरून आलेली! डॉक्टर हसले. "पोट उघडायची गरज नाही. गोळ्या मात्र जन्मभर."

मावशीनं माझा हात घट्ट धरला. काकांचा चेहरा पडला.

"डॉक्टरसाब," ते हळूच म्हणाले, "म्हंजे माझं उपासबी जन्मभर?"