बिनआवाजाची गाडी

ती गाडी एकोणीस वर्षं एकाच शेडमध्ये दोन ठिकाणी पडून होती. धड थोरल्याकडे, इंजिन धाकट्याकडे आणि मध्ये पत्र्याची भिंत. भिंत धाकट्याने एका दिवसात आणि एका हाताने उभी केली होती, कारण दुसरा हात बँडेजमध्ये होता. राग असला की माणसाला मदतनीस लागत नाही.

थोरल्याला सगळी गल्ली पत्रेदादा म्हणायची. वय एकसष्ट. चेपलेलं मडगार्ड आतून लोखंडी ठोकळा लावून, बाहेरून हातोडीने असं सरळ करायचा की कुठे चेपलं होतं ते मालकालाही दाखवता येऊ नये. हात सोन्याचा आणि तोंड फाटकं. गिऱ्हाइकाने गाडी आत आणली की पहिलं वाक्य ठरलेलं, "कोणत्या गाढवाने चालवलीय ही?" गाढव बहुतेक वेळा समोरच उभं असायचं. तरी लोक यायचे, कारण असं काम दुसरीकडे होत नव्हतं, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

धाकटा इंजिनवाला. थोरल्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, बोलायला कमी, पण टोचून बोलण्यात दोन पावलं पुढे. वडिलांनी शेड दोघांच्या नावे ठेवली, ती दोघांनी एकत्र राहावं म्हणून. बापाला काय माहीत, लेकरं विळ्या-भोपळ्याची निघतील.

भांडणाचं मूळ हीच गाडी. लांबलचक, काळी, आठ सिलिंडरची. मालकाने नुसती आत आणून उभी केली होती तेव्हा बॉनेटवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवून इंजिन चालू केलं होतं. थेंब सांडला नाही, की आवाज आला नाही. गल्लीने तेव्हाच तिचं नाव बिनआवाजाची गाडी ठेवलं. एकट्या थोरल्याने बॉनेटवर कान टेकला होता. आत, अगदी खाली, एक जाड घुमणं होतं. ते त्याच्या मनात बसलं ते बसलंच.

मग इंजिन दुरुस्तीला बाहेर काढलं, आणि परत बसवायच्या दिवशी घात झाला. इंजिन साखळीला टांगलेलं. साखळी थोरल्याच्या हातात, खाली हात घालून इंजिन जागेवर धरणारा धाकटा. धाकट्याची बोटं इंजिन आणि लोखंडाच्या मध्ये सापडली. तो ओरडला. थोरला साखळी सोडतच राहिला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

"मी ओरडलो होतो. दोनदा," धाकटा म्हणाला.

"तू ओरडलाच नाहीस," थोरला म्हणाला. "ओरडला असतास तर मी थांबलो नसतो का? मी काय कसाई आहे?"

एवढंच भांडण. एकाचं म्हणणं, तू मुद्दाम केलंस. दुसऱ्याचं म्हणणं, तू खोटं बोलतोस. धाकट्याने हात सोडवण्यासाठी वर उचललेलं इंजिन आपल्या बाजूला उतरवलं आणि मध्ये पत्रे ठोकले. गाडीचा मालक बिचारा दोन वर्षं खेटे घालत होता. इकडे गेला की थोरला म्हणे, "आधी त्याला इंजिन द्यायला सांगा." तिकडे गेला की धाकटा म्हणे, "आधी त्याला कबूल करायला सांगा." शेवटी तो यायचा बंद झाला.

यात थोरला खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच काही ऐकू आलं नव्हतं.

हे त्याला कळलं दोन वर्षांपूर्वी. बायको हाका मारून मारून थकली आणि त्याला हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, बटण दाबायला दिलं, कागदावर रेघा काढल्या. मग त्याच्या तोंडासमोर येऊन म्हणाले, "हातोडीचं काम ना? हे आजचं नाही. पंचवीसेक वर्षं तरी हळूहळू चाललंय. बारीक, चढे आवाज आधी गेले. जाड, खालचे आवाज थोडे उरलेत. तेही फार दिवस राहणार नाहीत."

कानाचं यंत्र घ्या म्हणाले. थोरला नाही म्हणाला. बोटं गेल्याला तेव्हा सतरा वर्षं झाली होती, आणि पंचवीसातून सतरा वजा करायला शाळा लागत नाही. म्हणजे त्या दिवशी धाकटा ओरडला होता, दोनदा ओरडला होता. आता कानाला यंत्र लावायचं म्हणजे सगळ्या गल्लीसमोर ते कपाळावर लिहून फिरायचं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा त्याचा पीळ होता. त्याने बायकोला ताकीद दिली, "कुणाला बोलशील तर याद राख."

ती बोलली नाही. ती फक्त त्याच्याकडे तोंड करून बोलू लागली.

यंदा मालकाची मुलगी आली. ती वकील, आणि बापाचा मवाळपणा तिने घेतला नव्हता. दोघांच्या हातात एकच कागद दिला. तीन महिन्यांत गाडी चालू स्थितीत, एका तुकड्यात पाहिजे. नाहीतर दोन टेम्पो आणून दोन्ही तुकडे भंगारात, आणि दोघांवर दावा.

"मला तुमचं भांडण ऐकायचं नाही," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी ऐकलंय. ते वारले."

भंगार हा शब्द थोरल्याने तिच्या ओठांवर वाचला आणि त्याची तळपायाची आग मस्तकात गेली. दाव्याची त्याला पर्वा नव्हती. पण ते घुमणं एकदा, कान पुरते जाण्याआधी, त्याला ऐकायचं होतं. ते ऐकायचं आणि कानांबद्दल तोंडही उघडायचं नाही, असा त्याचा बेत. त्याने बायकोला सांगितलं, "त्याला सांग, पत्रे काढ म्हणावं."

पत्रे निघाले. जीव लावून काम सुरू झालं, आणि दात-ओठ खातही. दोघे एकमेकांशी थेट बोलत नसत. धाकटा पाठ करून म्हणायचा, "वहिनी, त्याला सांगा, पुढची पट्टी अर्धा इंच डावीकडे आहे. डोळे फुटले का विचारा." वहिनी थोरल्यासमोर येऊन, सावकाश, ओठ हलवत सांगायची, "पट्टी अर्धा इंच डावीकडे आहे. आणि डोळे फुटले का विचारतात."

"त्याला सांग, पट्टी बरोबर आहे. त्याचं इंजिन वाकडं आहे, त्याच्यासारखंच."

गल्ली हसायची. कुणाला कळलं नाही की या भांडणाच्या आडोशाला बहिरेपण मजेत लपून बसलंय. थोरल्याला कधी कधी वाटायचं, वैर आहे म्हणून बरं. गोडीत असतो तर पहिल्याच दिवशी पकडलो असतो.

एकदा मात्र पकडला जाता जाता राहिला. गंज खाल्लेला पत्रा तो पूर्वी हातोडीच्या टिचकीने ओळखायचा. चांगला पत्रा वाजतो, सडलेला बसक्या आवाजात सांगतो. आता तो तळहात फिरवून ओळखायचा आणि नव्वद टक्के जमायचं. उरलेल्या दहात दाराखालची पट्टी सापडली. वरून रंग गुळगुळीत, आत पोकळ. धाकट्याने जाता जाता पान्याने तिथे ठोकलं आणि थांबला. पुन्हा ठोकलं. या वेळी तो थेट थोरल्याकडे वळला.

"हे तुला ऐकू आलं नाही?"

"शेवटी करणार होतो," थोरला म्हणाला. "तू तुझं बघ."

धाकट्याने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग वहिनीकडे पाहिलं. वहिनी खिळे वेचत होती.

तीन महिने संपायला चार दिवस उरले असताना इंजिन आत गेलं. या वेळी साखळी धाकट्याच्या हातात, आणि खाली हात घालणारा थोरला. धाकटा एक एक कडी सोडत होता आणि प्रत्येक कडीला थांबून थोरल्याच्या हातांकडे बघत होता. तसं बघणं शिवीपेक्षा वाईट होतं.

शेवटचा दिवस. दुपारी चारला वकीलबाई येणार. गाडी आरशासारखी काळी. वहिनी समोरच्या दुकानात पाण्याचा पेला आणायला गेली, कारण थोरल्याचा हट्ट, मालकासारखा पेला ठेवूनच गाडी दाखवायची. तो आधीच चालकाच्या जागेवर जाऊन बसला होता. पहिलं बटण धाकट्याने दाबलेलं त्याला चालणार नव्हतं. धाकटा पुढे, उघडलेल्या बॉनेटच्या आड.

"दाब," धाकटा म्हणाला.

थोरला बसून राहिला.

"दाब म्हणतो ना."

काही नाही. धाकट्याला वाटलं, शेवटच्या क्षणीही आडवेपणा. इंजिनाशेजारी स्टार्टरचं दुसरं एक बटण असतं. त्याने ते स्वतःच दाबलं.

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. काम त्याने असं केलं होतं की सगळी आठ सिलिंडरं एकमेकांच्या पावलावर पाऊल ठेवून चालत होती. खाली हादरे गिळणारी नवी रबरं, मागे आवाज गिळणारा नवा सायलेन्सर. धाकटा बॉनेटच्या आडून बाजूला आला, हाताची घडी घालून उभा राहिला आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा किंचित हसला.

थोरल्याने ते हसणं पाहिलं. समोरच्या मीटरच्या तारा जोडायच्या राहिल्या होत्या, त्यामुळे काटे मेलेले. त्याला वाटलं, गाडी लागत नाही आणि हा मला हसतोय.

"एकोणीस वर्षं मांडीवर घेऊन बसलास," तो खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "आणि लागतही नाही? थू तुझ्या कामावर."

आणि त्याने स्टार्टरचं बटण दाबलं.

चालू इंजिनावर स्टार्टर दाबला की त्याचे दात इंजिनाच्या फिरत्या दातांवर घासतात. त्या किंकाळीने समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. थोरल्याला आवाज आला नाही, पायाखालची फळी तेवढी थरथरली. त्याने बोट काढलं. उतरला. पुढे जाऊन पाहिलं, तर इंजिनाचा पंखा गरगर फिरत होता.

धाकट्याचं हसू गेलं होतं. तो थोरल्याकडे बघत होता, मग हळूहळू वळला आणि पाठ करून उभा राहिला. वहिनी पेला घेऊन दारात पोचली होती, म्हणून तिने ऐकलं. धाकट्याने भिंतीकडे तोंड करून, नेहमीच्या आवाजात हाक मारली, "दादा." मग थोड्या मोठ्याने, "दादा." एकोणीस वर्षांत त्या तोंडून तो शब्द निघाला नव्हता. थोरला पंख्याकडे बघत उभा होता. त्याने मान वर केली नाही.

धाकटा परत वळला. त्याच्या अगदी समोर आला.

"त्या दिवशीही?"

ओठ स्पष्ट होते. वहिनी मध्ये नव्हती. नाही म्हणायला थोरल्याकडे एकोणीस वर्षांचा सराव होता, आणि शब्द जिभेवर आलाही. त्याची नजर धाकट्याच्या उजव्या हातावर गेली. पाना तीन बोटांत धरलेला होता.

"तू ओरडला होतास," तो म्हणाला. "दोनदा. मला दोन वर्षं झाली कळून."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

आता धाकटा मारणार असं वहिनीला वाटलं. थोरल्यालाही वाटलं, आणि तो हलला नाही. धाकट्याने पाना बदलला, मोठा घेतला. जमिनीवर गोणपाट टाकलं आणि चालू गाडीखाली सरकला. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग एक नट घरंगळत बाहेर आला, दुसरा आला, आणि नवा कोरा सायलेन्सर धपकन खाली पडला.

शेड हादरली. आठही सिलिंडरं उघड्या तोंडाने बोंबलू लागली. वहिनीच्या हातातल्या पेल्यातलं पाणी सांडलं. न्हाव्याने दुकानाचं दार लावून घेतलं. त्याच वेळी वकीलबाई दारात उतरल्या, दोन्ही हात कानांवर ठेवून काहीतरी बोलत राहिल्या, आणि त्या काय बोलतायत ते आज फक्त थोरल्याला कळत होतं, कारण ओठ वाचता येणारा तिथे तोच एकटा. "ही बिनआवाजाची गाडी ना?" असं त्या विचारत होत्या. त्याने उत्तर दिलं नाही.

त्याने दोन्ही हात मडगार्डवर टेकले आणि मान खाली घातली. लांबून, जाड, खालून ते घुमणं येत होतं. तेच होतं. त्याचे डोळे भरले आणि त्याने पुसले नाहीत.

धाकटा गाडीखालून निघाला. तोंड काळं झालेलं, डोळे लाल. तो थोरल्याजवळून जाताना तोंड फिरवून काहीतरी ओरडला आणि हात पुसत आपल्या बाजूला निघून गेला.

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. "काय म्हणाला?"

"शिवी दिली."

"कोणती?"

ती त्याच्यासमोर आली आणि सावकाश, ओठ हलवून, जशीच्या तशी त्याला सांगितली. मोठी शिवी होती.

थोरल्याने मान हलवली.

"बरोबर दिली," तो म्हणाला.