तिकडे आपलं आपण करतात

माझ्या नणंदेनं माझ्या घराला नापास केलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, माझ्याच हातचा तिळाचा लाडू तोंडात असताना. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. कोळसा उगाळावा तितका काळाच, असं म्हणतात. असू दे काळा. मला तो काळाच हवा आहे.

आम्ही तेव्हा लखनौला मानकनगरला राहायचो. नवरा रेल्वेच्या संशोधन खात्यात इंजिनिअर. क्वार्टर तळमजल्याचं, मागे लहानसं अंगण आणि पेरूचं झाड. सासूबाई आमच्याजवळ. सासरे गेल्यावर कऱ्हाडहून चार दिवसांसाठी म्हणून आल्या आणि राहिल्याच. त्यांचं सगळं मी करत होते. प्रेमानं केलं असं म्हणणार नाही, पण नीट केलं. गरम पाणी, पथ्याचं जेवण, गुडघ्यांना तेल, सगळं वेळच्या वेळी. त्यांनी कधी बरं म्हटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. आमचं असंच चालायचं.

नणंद म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. कॅनडात राहायची आणि एका अशा ऑफिसात काम करायची, जिथं जगातल्या शहरांना गुण देतात. कुठं राहणं किती सुखाचं, ते हे लोक ठरवतात. वीज किती वेळ असते, नळाचं पाणी पिता येतं का, हवा कशी, डॉक्टर किती लांब, अशा सगळ्याचे गुण. मग मोठमोठ्या कंपन्या त्यावरून ठरवतात, की कुणाला कुठं पाठवलं तर त्रासापोटी पगार किती वाढवून द्यायचा. मी विचारलं, ‘ताई, तुम्ही बघायला जाता का त्या शहरांत?’ तर म्हणाल्या, ‘छे गं, माहिती येते आमच्याकडे.’ उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर पगार घ्यायचा. मी मनात म्हटलं, मोठ्यानं नाही. तेव्हा मी मोठ्यानं फारसं काही म्हणत नसे.

त्या वेळी ताई आल्या त्या आईला घेऊन जायचंच ठरवून. पासपोर्ट त्यांनी आधीच करून घ्यायला लावला होता. आल्या दिवसापासून मोजणी सुरू. सकाळी दिवे गेले की ‘गेला एक गुण’. पाणी गाळून, उकळून भरताना मी दिसले की ‘गेला अजून एक’. आलमबागेत भाजी घ्यायला नेलं, तर टेंपोच्या धुरानं नाकाला रुमाल आणि रुमालातून गुण. नवरा हसायचा. ‘अगं, तिचं कामच आहे ते, यार,’ म्हणायचा. बहिणीपुढं त्याची कधी टाप नव्हती.

हे सगळं मोजताना ताई कुठं बसलेल्या असत? पलंगावर, पायावर रजई, हातात माझ्या हातचा आल्याचा चहा. माहेरवाशीण ना. आमच्यात माहेरवाशिणीनं कप उचलायचा नाही, पाणी तापवायचं नाही, ताटाखालचा पाटसुद्धा सरकवायचा नाही. भावजयीनं करायचं. मीही माझ्या माहेरी सांगलीला जाते तेव्हा लोळते, त्यात काही नाही. पण लोळता लोळता मी माझ्या वहिनीच्या संसाराला गुण देत नाही.

आणि मग हळदीकुंकू. दरवर्षी मराठी मंडळातल्या बायका आमच्याकडे यायच्या. छावणीतल्या फौजी अधिकाऱ्यांच्या बायका, बँकवाल्यांच्या बायका, आमच्या कॉलनीतल्या दोघी-तिघी. सासूबाई आतल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या. सासरे गेल्यापासून त्यांनी कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता, कुणाची ओटी भरली नव्हती. बायका म्हणायच्या, ‘आजी, हल्ली असलं कोण मानतं?’ त्या म्हणायच्या, ‘मी मानते.’ विषय संपायचा.

त्या संध्याकाळी ऐन वेळी दिवे गेले. मी मेणबत्त्या लावत होते. अंधारात ताईंचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. ‘बघा, हे असं. आमच्या हिशेबात हे घर नापास आहे. आईचे इथं हाल होतात. वहिनी करते बिचारी, पण तिच्या हातात तरी काय आहे? म्हणून मी आईला घेऊन चाललेय. तिकडचं जगणंच वेगळं. तिकडे कसं, प्रत्येक जण आपलं आपण करतं. कुणाचं कुणावर ओझं नाही.’

एक कर्नलीणबाई ‘खरं आहे’ म्हणाल्या. बाकीच्या माझ्याकडे बघू लागल्या. मेणबत्तीचं मेण बोटावर सांडलं तरी मला कळलं नाही. हाल. माझ्या घरात सासूचे हाल. म्हणजे आता त्या विमानात बसल्या की अख्ख्या लखनौच्या मराठी मंडळात हेच राहणार, की सुनेकडे हाल व्हायचे म्हणून लेक येऊन घेऊन गेली. नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणतात ते थोडकं आहे. आणि ते ‘बिचारी’. हाल परवडले, बिचारी नको. मी तिळगूळ वाटत राहिले आणि गोड बोला, गोड बोला म्हणत राहिले. पण मनात ठरलं होतं. सासूबाई जाणार नाहीत आणि हिची जिरवल्याशिवाय मी राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकच चहा केला. माझा. ताईंनी रजईतून हाक मारली, ‘वहिनी, चहा?’

मी दारात जाऊन फार गोड आवाजात म्हटलं, ‘ताई, काल तुमचं बोलणं मला अगदी पटलं. आजपासून या घरात आपण तिकडच्यासारखंच करू. आपलं आपण. आई तिकडे यायच्या तर त्यांनाही सवय नको का व्हायला?’

त्यांना आधी गंमत वाटली. ‘अगदी बरोबर,’ म्हणाल्या आणि उठल्या. स्वयंपाकघरात चहापूड कुठं असते ते त्यांना माहीत नव्हतं, मी सांगितलं नाही. गॅस त्याच वेळी संपला, ते मात्र मी केलं नव्हतं, शपथेवर सांगते. दुसरा सिलिंडर यायला दोन दिवस होते. मी रॉकेलचा स्टोव्ह पुढं ठेवला. त्याला पिन मारायची असते, पंप करायचा असतो, हे त्या तिकडे जाऊन विसरल्या होत्या. भडका उडाला आणि त्यांच्या पुढच्या केसांना जळका वास आला. मी पेरूच्या झाडाखाली उभी राहून माझा चहा प्याले. इतका चांगला चहा मी जन्मात प्यालेली नाही.

अंघोळीचं पाणी आपलं आपण. रॉड बादलीत सोडला की दिवे जायचे, मग ताई कुडकुडत बसायच्या. लखनौची जानेवारीतली थंडी, दुपारीसुद्धा हाडं वाजतात. भांडीवालीला मी सांगून ठेवलं होतं, दीदींची ताटवाटी बाजूला ठेव. सांजेला त्या गार पाण्यात हात घालून ताट घासायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. मी विचारायची, ‘तिकडे मशीन असेल ना, ताई?’

नवरा रात्री म्हणाला, ‘हे काय चालवलंयस तू? पाहुणी आहे ती.’ मी म्हटलं, ‘पाहुण्या गुण देत नाहीत.’ तो कुशीवर वळला.

आता समोरच्या भाभीचं सांगते. उन्नावकडची होती. नवऱ्याच्याच ऑफिसातल्याची बायको. हिवाळ्यात रोज अकराच्या सुमाराला आमच्या मागच्या दारानं यायची, ओच्यात मटार घेऊन. अंगणात ऊन असायचं. ती आणि सासूबाई चटईवर बसून मटार सोलायच्या, ती सासूबाईंची वेणी घालायची, सासूबाई आपल्या तोडक्यामोडक्या हिंदीत तिला ओरडायच्या, ‘अरे बाई, इतना कस के मत बांध, डोकं दुखता है.’ दीड-दोन तास हेच. मी तिच्याकडे गेले आणि सांगितलं, भाभी, आमच्याकडे सध्या पाहुणे आहेत आणि त्यांच्याकडची पद्धत अशी, की यायच्या आधी फोन करायचा. भाभीकडे फोनच नव्हता. ‘अच्छा,’ म्हणाली आणि आली नाही.

मला हेच हवं होतं. तिकडचं जगणं ताईंनी मोजलं, आता सासूबाईंनीही चाखून बघावं. त्या अकरा वाजता चटई टाकून बसायच्या. मागच्या दाराकडे बघायच्या. मग एकट्याच मटार सोलायच्या. ताईंना म्हणायच्या, ‘बस गं जरा.’ ताई म्हणायच्या, ‘आई, मला माझे कपडे धुवायचेत.’ वेणी चार दिवस तीच होती, नंतर त्यांनी नुसता बुचडा बांधला. मी बघत होते. मी वेणी घालू शकले असते. मी घातली नाही. मला जिंकायचं होतं.

पाचव्या की सहाव्या दिवशी रात्री आम्ही सगळे कोळशाच्या अंगीठीभोवती बसलो होतो. ताई म्हणाल्या, ‘आई, तिकीट पक्कं करायचंय. हो म्हण.’

सासूबाई हात शेकत होत्या. म्हणाल्या, ‘तुझ्या सासूबाई होत्या ना तिकडे वर्षभर?’

‘होत्या. पुण्याला परत चालल्यात.’

‘का?’

‘अगं, कंटाळल्या. वय झालंय. बाळामागं धावणं होत नाही त्यांना.’

‘मग बाळाला कोण बघणार?’

ताईंनी शाल खांद्यावर ओढून घेतली. ताईंचं दोन वर्षांचं पोर तिकडे, उशिरा झालेलं, दोघा नवराबायकोच्या नोकऱ्या. नवऱ्यानं मान वर केली. त्याला हे तेव्हा कळलं. मला ताईंच्या फोनवरच्या बोलण्यातून आधीच कळलं होतं, पण ते सासूबाईंच्या तोंडून यावं म्हणून मी थांबले होते.

‘तूच बघशील ना, आई. तुझाच नातू आहे.’

सासूबाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, ‘पण तिकडे आपलं आपण करतात ना?’

ताईंचा चेहरा असा झाला, की मला टाळी वाजवावीशी वाटली. मी निखारे सारखे केले. सासूबाई म्हणाल्या, ‘मी येत नाही.’ आणि उठून आत गेल्या. मी जिंकले. त्या रात्री मला इतकी गाढ झोप लागली, की सकाळी दूधवाल्यानं दार बडवलं तेव्हा जाग आली.

ताई निघाल्या त्या दिवशी नवरा चारबाग स्टेशनला सोडायला ऑटो आणायला गेला होता. बॅगा दारात होत्या. ताई सासूबाईंच्या पाया पडल्या, मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. जीन्सवर शाल होती. शालीचं टोक त्यांनी दोन्ही हातांनी पुढं धरलं. मला वाटलं नव्हतं, त्यांना आठवत असेल. दर खेपेला जाताना मीच त्यांची ओटी भरायची, तांदूळ, नारळ, खण. माहेरवाशीण मोकळ्या ओटीनं जात नाही.

मी तांदूळ काढून ठेवले नव्हते. नारळ आणला नव्हता. मुद्दाम. मी म्हटलं, ‘तिकडे असलं काही नसतं ना, ताई?’

शाल तशीच पुढं धरलेली होती. त्यांचे डोळे भरून आले. मला बरं वाटलं. इथं मला वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण नाही वाटलं.

मागे खुर्ची सरकली. सासूबाई भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेल्या. डब्याचं झाकण वाजलं. त्या आल्या तेव्हा दोन्ही मुठींत तांदूळ होते. इतकी वर्षं करंड्याला बोट न लावलेली बाई, कुणाचं न ऐकलेली. अर्धे तांदूळ शालीत पडले, अर्धे उंबऱ्यावर सांडले. ताई रडत रडत शाल पोटाशी धरून ऑटोत बसल्या.

ऑटो वळला. मी पटकन खाली वाकले, उंबऱ्यावरचे तांदूळ गोळा करायला. सासूबाईंचे गुडघे त्यांना खाली बसू देत नसत, त्यांच्या हातून काही पडलं की मीच उचलायची.

त्यांनी माझा हात बाजूला केला.

‘राहू दे,’ म्हणाल्या. ‘आपलं आपण करायचं ना?’

आणि दाराची चौकट धरून, दुखऱ्या गुडघ्यांवर हळूहळू खाली बसल्या आणि एकेक दाणा वेचू लागल्या. त्यांचं वेचून होईपर्यंत मी तिथंच उभी होते.