कापसाचा पांढरा बोळा

घसा दुखतो म्हणून लेकीला दवाखान्यात नेलं होतं. मानेच्या गाठी चाचपायला डॉक्टरबाईंनी तिचे मोकळे केस बाजूला केले आणि मी ओशाळले. सतरा वर्षांची मुलगी आणि मानेवर हा काळा थर! "कितीदा सांगते, नीट घासून आंघोळ कर," मी म्हणाले. बेसन झालं, लिंबू झालं, एकदा तर मीच खसाखसा घासून तिची मान लाल केली होती.

डॉक्टरबाईंनी स्पिरिटमध्ये कापूस बुडवून ती मान हलक्या हाताने पुसली आणि बोळा माझ्यापुढे धरला. पांढराशुभ्र.

"ताई, हा मळ नाही. शरीरात इन्शुलिनचा गोंधळ झाला की कातडी अशी काळवंडते." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "पाळी वेळेवर येते का गं?"

"तीन-तीन महिने येत नाही."

"पीसीओएस असू शकेल, म्हणजे हार्मोन्सचा बिघाड. तपासू या. तुझी काही चूक नाही यात."

तीच मान मी घरी रोज पाहत होते. मला आळस दिसला, त्यांना दुखणं दिसलं. एका बोळ्यात लेकीची तपासणी आणि आईची कानउघाडणी, तीही आवाज न चढवता! हे कुठल्या पुस्तकात शिकवतात कोण जाणे.

बाहेर रणरणतं ऊन होतं. रिक्षाची वाट पाहताना लेक म्हणाली, "आई, रबर आहे का गं?" आणि दोन उन्हाळे मानेवर मोकळे सोडलेले केस तिने तिथेच, भर रस्त्यात, उंच बांधले.